देवबाग ते भोगवे: बारा जण, सहा कयाक आणि किनाऱ्यावरचा मुक्काम (बेत, सल्ले आणि शेवटी वृत्तांत)

खाडीपार (२४ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यातल्या एका कॉलेजच्या भूगोल विभागातले बारा जण, सात मुलगे आणि पाच मुली. परीक्षा १७ डिसेंबरला संपते आणि लगेच मालवणला जायचं ठरतंय. बेत असा आहे: १९ तारखेला शुक्रवारी सकाळी मालवणला पोचायचं, जेवायचं, दुपारी दोनला देवबागच्या संगमावरून कयाक घेऊन निघायचं. कर्ली नदीचं मुख ओलांडून पलीकडे भोगव्याच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायचे. शनिवारी सकाळी किनाऱ्याकिनाऱ्याने निवतीच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत, मग दुपारी तीनला पुन्हा मुख ओलांडून देवबाग, आणि कुडाळहून रात्रीची पुण्याची गाडी. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

अनुभव म्हणाल तर पवना धरणात दोनदा कयाकिंग केलं आहे. आठ जणांना चांगलं पोहता येतं, चौघांना येत नाही. दोन जणांच्या सहा कयाक आणि लाइफ जॅकेटं देवबागच्या एका व्यावसायिकाकडून भाड्याने मिळतील.

विचारायचं आहे ते असं: अंतर झेपेल का? भोगव्याला तंबूसाठी कुणाची परवानगी लागते? आणि एका मित्राचा आग्रह आहे की निवतीहून वेंगुर्ला रॉक्सपर्यंत, म्हणजे समुद्रातल्या त्या खडकाळ बेटांपर्यंत, जाऊन यावं. जमेल का?

वल्हेकर (२४ नोव्हेंबर)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. वेंगुर्ला रॉक्स उघड्या समुद्रात आत आहेत. वाटेत टेकायला जागा नाही, आणि दुपारचा वारा सुटला की बाजूने लाट घेत परत यायचं. सरावलेल्या माणसांनीसुद्धा सोबत इंजिनाची होडी असल्याशिवाय तिकडे जाऊ नये. हा विषय आजच मिटवून टाका, नाहीतर तिथे पोचल्यावर 'समोरच तर दिसतंय' असं कुणीतरी म्हणणारच.

अंतराचं म्हणाल तर संगमापासून निवती चार-पाच किलोमीटर. नवशिका गट शांत पाण्यात ताशी तीन-साडेतीन किलोमीटर जातो, आणि गटाचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत दमलेल्या जोडीचा वेग. अंतर झेपेल. मला काळजी वाटते ती तुमच्या वेळांची. 'दुपारी दोन' आणि 'दुपारी तीन' कुठून आलं? गाडीच्या वेळेवरून आणि जेवणावरून आलं असेल तर बेत पुन्हा मांडा.

भूगोलाचे_सर (२५ नोव्हेंबर)

भूगोलाचे विद्यार्थी आहात म्हणून जरा सविस्तर लिहितो. पंचांग उघडा. १९ डिसेंबरला अमावास्या आहे. कोकणातला जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट: द्वितीयेला दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला बारा. हे मुंबईला बऱ्यापैकी जुळतं. भरती दक्षिणेकडून वर सरकत येते, त्यामुळे मालवणला ती साधारण तासभर आधी. निघण्यापूर्वी छापील तक्त्यातून नक्की वेळ काढाच, पण अंदाज तोंडी करता आला पाहिजे.

म्हणजे १९ला अकराच्या सुमारास भरती पूर्ण, पाचच्या सुमारास ओहोटी पूर्ण. तुम्ही दोनला मुखावर असणार. मधल्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने उतरत नाही. बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी जातं. दोन वाजता तुम्ही बरोबर या दोन तासांच्या मधोमध उभे. वर अमावास्येचं उधाण. कर्लीच्या खाडीत शिरलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावत असणार.

आता वारा. डिसेंबरात सकाळी जमिनीवरून हलका मतलई वारा असतो, अकरा-बाराला तो पडतो आणि मग वायव्येकडून खारा वारा सुटतो. दोन ते चार त्याचा जोर सर्वांत जास्त. वारा आत येतोय, पाणी बाहेर जातंय, मध्ये वाळूचा उथळ दांडा. अशा जागी लाट लांब राहत नाही. ती आखूड होते, उभी राहते आणि फुटते. दुसऱ्या दिवशी परत तीनला तेच.

माझा सल्ला: दोन-तीन दिवस पुढे ढकला. २२ला सोमवारी द्वितीया, २३ला तृतीया. भरती साडेबारा-सव्वाच्या सुमारास येईल, म्हणजे सकाळी सातपासून पाणी चढत राहील. नऊला मुख ओलांडाल तेव्हा वारा नाही, आणि पाणी ढकलेल ते नदीकडे, आत. चूक झाली तरी खाडीत जाऊन पडाल.

देवबागचो (२५ नोव्हेंबर)

सरांनी लिहिलं ते आमच्या घरी वेगळ्या शब्दांत सांगतात. बाबांना तुमचा बेत वाचून दाखवला, ते म्हणाले, "सुकती लागल्यार तोंडार जाव नको म्हणान सांग तेंका. वारो भायरसून येता." सुकती म्हणजे ओहोटी. तोंड म्हणजे संगम. आमच्याकडची इंजिनाची होडीसुद्धा त्या वेळी तोंडावर थांबून, लाटा मोजून मगच बाहेर पडते.

तंबूचं: भोगव्याच्या ग्रामपंचायतीत आधी जाऊन लेखी विचारा आणि पोलीस ठाण्यात बारा जणांची नावं देऊन ठेवा. पण त्याहून आधी एक काम करा. किनाऱ्यावर रापण लागते, म्हणजे समुद्रात सोडलेलं मोठं जाळं दोरांनी किनाऱ्यावर ओढतात. रापणीची जागा ठरलेली असते, दोर कुठून कुठे ओढायचा ते ठरलेलं असतं. पुण्या-मुंबईची माणसं नेमकी तीच सपाट मोकळी जागा बघून तंबू टाकतात आणि पहाटे जाळं ओढायला आलेल्या माणसांना तंबूंना वळसा घालून दोर न्यावा लागतो. संध्याकाळी पोचलात की रापणकरांना विचारा, "उद्या दोर खयसून ओढतलास?" ते दाखवतील त्या बाजूला तंबू घाला. किनाऱ्यावर ठेवलेलं जाळं ओलांडू नका, त्यावर बसू नका.

निशिगंध (२६ नोव्हेंबर)

मी एका विद्यार्थ्याची आई म्हणून लिहिते आहे. २०१६ साली १ फेब्रुवारीला मुरूडला पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. त्या रात्री मी त्याच्या उशाशी बसून होते. आज तो तुमच्या वयाचा आहे आणि असेच बेत करतो. तुम्ही मुलं हुशार आहात, विचारून करताय, हे दिसतंय. तरी विचारते, चार जणांना पोहता येत नसताना समुद्रात जायचंच कशाला? नदीत, कांदळवनात फिरा की. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांच्या बचतगटाची सफर आहे, किती सुंदर आहे ती.

वल्हेकर (२६ नोव्हेंबर)

निशिगंधताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो या धाग्यावर हवाच होता. मुरूडची मुलं होडीत नव्हती, ती किनाऱ्यावरून पाण्यात उतरली होती. अंगावर जॅकेट नाही, भरती-ओहोटी माहीत नाही, आणि कुणाला कुठे थांबायचं ते ठरलेलं नाही. म्हणून खाडीपार, किनाऱ्यावरच्या मुक्कामासाठीही नियम करा: भोगव्याला गुडघ्यापुढे कुणी पाण्यात उतरायचं नाही, आणि अंधार पडल्यावर अजिबात नाही. वल्हवताना जॅकेट असतं, धोका पोचल्यावर सुरू होतो. दमलेली, आनंदात असलेली मुलं कपडे बदलतात आणि धावत सुटतात.

पोहता न येणाऱ्यांबद्दल: जॅकेट घातलेला माणूस तरंगतो, पण ते अंगाला घट्ट हवं. खांद्यांना धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघेल. खालचा, मांड्यांमधून येणारा पट्टा असलेलंच मागा. आणि त्या चौघांना पवनेत जॅकेट घालून खोल पाण्यात मुद्दाम उडी मारायला लावा, इथे येण्याआधी. ज्याला तिथे नको वाटेल त्याने रस्त्याने यावं आणि स्वयंपाकाचं बघावं.

ज्यांच्याकडून कयाक घेताय त्यांची नोंदणी विचारा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ सालीच आलं आहे, त्यात पाण्यातले खेळ येतात. आणि सोबत इंजिनाची एक होडी पैसे देऊन घ्याच. ती खर्चात बसत नसेल तर नदीतच फिरा, तेही छान आहे.

शिंपला (२६ नोव्हेंबर)

मी मुलींची शिबिरं नेते, त्यातून दोन-चार गोष्टी. पाच मुली आहेत, तर किनाऱ्यालगतच्या वाडीत एखादं घर आधीच ठरवा. संडास, गोडं पाणी, कपडे बदलायला खोली, एवढ्याचे रीतसर पैसे द्या. 'झाडीत जाऊ' हे मुलगे सहज म्हणतात. मुली मग पाणीच प्यायचं टाळतात, आणि उन्हात वल्हवताना पाणी न पिणं म्हणजे दुपारपर्यंत डोकं दुखून आडवं होणं. माणशी दिवसाला चार लिटर धरा.

सुती टी-शर्ट नको, ओला राहतो आणि काखेत घासून साल जाते. पूर्ण बाह्यांचा, पटकन वाळणारा हवा. मांडीच्या आतल्या बाजूला आणि काखेत निघण्याआधीच व्हॅसलिन लावा. चष्मेवाल्यांनी चष्म्याला दोरी बांधा. पाळीची तारीख जवळ असेल तर आधी बोलून ठेवा, लाजण्यासारखं काही नाही, कुणी किती वेळ पाण्यात राहायचं ते ठरवता येतं.

कासवमित्र (२७ नोव्हेंबर)

ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम आपल्याकडे साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली संवर्धनाला सुरुवात केली, त्यानंतर कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर गावकरी हे काम करतात. मादी रात्री वर चढते. उजेड दिसला, हालचाल जाणवली की अंडी न घालता परत फिरते. शेकोटी वाळूत नको, चूल पेटवायची तर वाडीत. रात्री टॉर्चला लाल कागद लावा. ट्रॅक्टरच्या चाकासारखी रांग समुद्रातून वर गेलेली दिसली तर तिच्यावरून चालू नका, गावात कळवा.

भूगोलाचे_सर (२७ नोव्हेंबर)

तंबूच्या जागेबद्दल राहिलं. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा वर चढते. संध्याकाळी ओल्या वाळूची रेघ बघून तंबू ठोकाल आणि रात्री एकला पाणी उशाला येईल. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले यांची सर्वांत वरची ओळ शोधा. तिच्याही वर जा.

खाडीपार (२९ नोव्हेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही बाराही जण वर्गात बसून हा धागा फळ्यावर मांडला. ठरलं ते असं: २२ आणि २३ डिसेंबर. वेंगुर्ला रॉक्स रद्द. निवतीपर्यंत वल्हवत जाणंही रद्द, तिकडे किनाऱ्याने चालत जाऊ. इंजिनाची होडी घेतली आहे, माणशी खर्च वाढला पण सगळ्यांनी मान्य केलं. पोहता न येणाऱ्या चौघांपैकी तिघे पवनेत उडी मारून आले, चौथा म्हणाला मी रस्त्याने येतो. तो वाडीतल्या घराकडे सामानासह रिक्षाने येईल आणि त्याच्या जागी होडीवाल्या दादांचा पुतण्या वल्हं धरेल.

अजून काही सुचतंय?

वल्हेकर (२९ नोव्हेंबर)

दोन गोष्टी. पहिली: परतीचं तिकीट २३चं काढू नका, २४च्या रात्रीचं काढा. मी पंधरा वर्षं समुद्रात कयाक चालवतोय. जे अपघात जवळून पाहिले त्यांत वादळ एकदाही नव्हतं. प्रत्येक वेळी कुणालातरी कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. सुट्टी संपत होती, गाडी सुटणार होती, होडी परत द्यायची होती. पाणी बरं दिसत नाही हे सगळ्यांना कळत होतं, आणि तरी सगळे निघाले. एक मोकळा दिवस हाताशी असला की 'आज नको' म्हणणं सोपं होतं.

दुसरी: भोगव्याहून न वल्हवता परत यायची सोय आधी लावा. कुठली रिक्षा, कुणाचा टेंपो, कोर्जाईच्या बाजूने खाडी ओलांडून कोण आणेल, त्यांचे नंबर, किती पैसे. आणि नियम करा की बारांतल्या एकाने 'नको' म्हटलं तरी निघायचं नाही. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही.

प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी. मोबाइल हवाबंद पाऊचमध्ये, त्यात तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि ११२. इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा इशारा आदल्या रात्री बघा.

निशिगंध (३० नोव्हेंबर)

रिकामा दिवस ठेवायचं वाचून जरा श्वास सुटला. परत आल्यावर इथे लिहा रे बाळांनो. नुसतं 'पोचलो' लिहिलंत तरी चालेल.

खाडीपार (२४ डिसेंबर, रात्री)

पोचलो. म्हणजे कुडाळ स्टेशनवर सुखरूप आहोत. सविस्तर उद्या-परवा.

खाडीपार (२७ डिसेंबर)

वृत्तांत. लांबला आहे, पण या धाग्यातल्या प्रत्येकाचं काहीतरी त्यात आहे.

२१च्या दुपारी देवबागला पोचून नदीच्या बाजूला, कंबरभर पाण्यात, होडीवाल्या दादांसमोर तीन तास फक्त उलटण्याचा सराव केला. भाड्याच्या कयाक वरून उघड्या बैठकीच्या. उलटली तर आत अडकत नाही, पण परत वर चढणं अवघड. कयाक सुलटी करायची, जोडीदाराने पलीकडून कड धरायची, आपण अलीकडून हात तिच्यावर टाकायचे, पाय पाठीमागे पाण्याच्या वर येईपर्यंत मारायचे आणि पोटावर सरकत चढायचं. वर ओढून घ्यायला गेलं की कयाक पुन्हा अंगावर उलटते. पहिल्या तासात फक्त तीन जोड्यांना जमलं. सहाव्या जोडीला अंधार पडताना जमलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

२२ला पावणेनऊला निघालो. पाणी तेलासारखं. संगमावर उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला नदी, आणि मधल्या पाण्याचा रंग बदललेला दिसतो: नदीचं मातकट हिरवं, समुद्राचं निळसर, मध्ये फेसाची बारीक रेघ. रेघेवर आलो तसं कयाकचं तोंड आपोआप नदीकडे वळायला लागलं. सर म्हणाले होते तेच, पाणी आत ढकलत होतं. पाऊण तासात सगळे पलीकडे.

संध्याकाळी रापणकरांना विचारायला गेलो. एक आजोबा जाळ्याची फाटकी घरं विणत बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं दोराने इतकी घासलेली की टोकांना रेषाच उरल्या नव्हत्या, नुसती गुळगुळीत कातडी. त्यांनी मान वर न करता सुईने दाखवलं, "थंयसून हंयसर दोर. तुमी त्या सुरूकडे जावा." आम्ही सुरूंकडे गेलो. वाळलेल्या शेवाळाच्या वरच्या ओळीच्याही वर सात पावलं मोजून तंबू घातले. रात्री एकला उठून पाहिलं तर पाणी त्या ओळीच्या हातभर खाली येऊन थांबलं होतं. लाट फुटताना कडेला निळसर उजेड चमकून विझायचा. ओल्या वाळूत पाय टाकला की पावलाभोवतीही तेच. आम्ही चौघं तिथे किती वेळ नुसते पाय आपटत होतो. लाल कागदाचा टॉर्चही बंद केला होता.

आता २३. साडेआठला निघायचं ठरलं होतं. पण पहाटे रापण लागली आणि आजोबांनीच हाक मारली. दोन टोकांना वीस-वीस माणसं, कंबर मागे टाकून, टाच वाळूत रोवून ओढायचं, मागच्याने दोराचं वेटोळं घालत जायचं. आमची बोटं दहा मिनिटांत सोलली. जाळ्याचा खोळ जवळ आला तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. बांगडे, तारल्या, एक पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा). पाकट दिसल्यावर त्यांनी आम्हाला मागे लोटलं आणि पाण्यात पाय न उचलता घासत चालायला शिकवलं. वाट्याला आठ बांगडे आले. वाडीतल्या काकूंनी ते भाजून दिले. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर सकाळ होती आणि तिच्यापायीच आम्हाला उशीर झाला. तंबू आवरून पाण्याजवळ आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ही चूक माझी. गटाची वेळ सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

वारा सुटला होता. फार नाही, पण लाटांच्या डोक्यावर पांढरं दिसत होतं. भरती अजून चालू होती, सव्वापर्यंत चालणार होती, म्हणून मी म्हटलं लगेच निघू. पहिली जोडी लाटांतून पार झाली. दुसरी कयाक लाटेला आडवी झाली आणि उलटली. दोघंही वर आले, शिट्टी वाजवली, कयाक सोडली नाही. देवबागच्या सरावासारखं दुसऱ्या खेपेला एक जण चढला. दुसऱ्याला किनाऱ्याकडे ढकलताना कयाक लाटेबरोबर आली आणि तिची कड त्याच्या नडगीवर बसली. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये उभं राहायचं नाही हे त्याला माहीत होतं, पण त्या क्षणी विसरला. हाड मोडलं नाही, टेंगूळ आलं. चष्मा दोरीमुळे वाचला.

सगळे किनाऱ्यावर जमलो. पार गेलेल्या जोडीला होडीवाल्या दादांनी परत आणलं. पाच-सहा जणांचं म्हणणं होतं की आता अंदाज आला आहे, पुन्हा निघू, पंचवीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. मलाही तसंच वाटत होतं. आमच्यातली एक मुलगी, जी दोन दिवसांत फारशी बोललीच नव्हती, कयाकचा दोर गुंडाळत खाली बघून म्हणाली, "मला नको वाटतंय." एकाने 'अगं पण' म्हटलं आणि स्वतःच थांबला. नियम ठरला होता. मी दादांकडे पाहिलं, त्यांनी नुसती मान हलवली आणि कयाक वर ओढायला सुरुवात केली.

दोन वाजता आम्ही सगळे वरच्या कड्यावर जाऊन संगम पाहिला. तेव्हा भरती फिरून पाऊण तास झाला होता. मुखावर पांढऱ्या रेघा एकामागून एक उभ्या होत्या, एक फुटायच्या आत दुसरी. कुणी काही बोललं नाही. तो मुलगी तेवढी म्हणाली, "बघायला किती छान आहे ना इथून."

२४ला चतुर्थी, ओहोटी आठला. दांडा उघडा पडलेला म्हणून मुद्दाम थांबलो, सव्वानऊला निघालो, दहाला देवबाग. पाणी पुन्हा तेलासारखं.

निशिगंध (२७ डिसेंबर)

वाचताना दोनदा थांबले. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. आणि ज्याला लागलं त्याने एक्स-रे काढून घ्यावा, टेंगूळ आहे म्हणून सोडू नये.

वल्हेकर (२८ डिसेंबर)

'तो मुलगी' तेवढं 'ती मुलगी' करा, संपादनाची सोय अजून दिसत असेल. बाकी, चूक माझी असं लिहिलंस ते बरं केलंस. पुढच्या वेळी वेळ सांभाळणारा आणि गटाचा म्होरक्या ही दोन वेगळी माणसं ठेवा. वेळवाल्याला दुसरं काहीच काम देऊ नका. तो रापण ओढायला गेला तरी तासाने शिट्टी वाजवायला बांधलेला.

आणि त्या दिवशी अकराला निघताना वारा दिसत असूनही 'भरती आहे' हे कारण तू धरलंस. भरती असली तरी किनाऱ्यालगतच्या फुटणाऱ्या लाटा वाऱ्यावर असतात. मुखावर पाणी आत ढकलेल हे खरं, पण मुखापर्यंत पोचायचं कसं? दोन्ही उत्तरं 'हो' आली तरच निघायचं.

खाडीपार (२८ डिसेंबर)

संपादनाची वेळ उलटली आहे, वाचकांनी 'ती' वाचावं. एक्स-रे काढला, हाड ठीक आहे. वेळवाल्याचं लिहून ठेवलं.

शिंपला (२९ डिसेंबर)

दोन जणांच्या कयाकमध्ये मागे कुणाला बसवलं होतं? उलटलेल्या जोडीत वजनदार मुलगा पुढे होता का?

खाडीपार (२९ डिसेंबर)

हो ताई, तोच पुढे होता. बाकी पाचही कयाकमध्ये जड माणूस मागे होता. त्या दोघांनी सकाळी जागा बदलली होती, पुढून समुद्र चांगला दिसतो म्हणून. माझ्या लक्षात आलं नाही.

देवबागचो (३० डिसेंबर)

काल भोगव्याला गेलो होतो. आजोबांना सांगितलं तुम्ही त्यांच्याबद्दल लिहिलंय. त्यांनी विचारलं, "ती पोरां परत कधी येतली?" मी म्हटलं परीक्षा झाल्यावर, एप्रिल-मेमध्ये कदाचित. ते म्हणाले, "मे म्हयन्यात नको. तेवा लाट मोठी आसता. दिवाळेच्या मागसून येवा म्हणान सांग." आणि तंबूच्या खुंट्या दोन राहिल्यात सुरूच्या मुळाशी, त्या त्यांनी जाळ्याच्या खोपीत ठेवल्यात.